हेतूचा रकाना

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, ज्याला सगळे एनसीआरबी म्हणतात, तो दरवर्षी 'क्राइम इन इंडिया' नावाचा अहवाल काढतो. दरवर्षी म्हणायचे ते सवयीने. २०२३ सालचा अहवाल हाती पडला तेव्हा २०२५ चा सप्टेंबर संपत आला होता. या अहवालात खुनांच्या कारणांचा एक तक्ता असतो. तो सावकाश वाचण्यासारखा आहे. जमीनजुमल्याचे नि घरगुती वाद, वैयक्तिक सूड, पैशाचा लोभ, प्रेमप्रकरण, अनैतिक संबंध, हुंडा, जादूटोणा, नरबळी, गाडीला गाडी घासल्यावरून झालेली मारामारी. 'ऑनर किलिंग'ला वेगळा रकाना आहे. धार्मिक तेढ आणि जातीयता यांनाही आहेत. म्हणजे देशभरातली पोलिस ठाणी वर्षाला सत्तावीस-अठ्ठावीस हजार खुनांमागचा हेतू आपापल्या परीने ठरवतात, राज्ये ते आकडे दिल्लीला पाठवतात आणि केंद्र सरकार ते छापते. प्रेमप्रकरणाची व्याख्या कोणत्या कायद्यात आहे, असे आजवर कुणी विचारलेले नाही. चेटकीण ठरवून बाईला मारण्याविरुद्ध केंद्राचा वेगळा कायदा नाही, तरी जादूटोण्याचा रकाना वर्षानुवर्षे भरला जातोच आहे.

आता डिसेंबर २०२१ मधले संसदेतले उत्तर पाहा. केंद्रीय गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी सांगितले की जमावाने केलेल्या हत्या, द्वेषातून झालेले गुन्हे, गोरक्षणाच्या नावाखाली झालेली मारहाण यांची माहिती एनसीआरबीने २०१७ साली गोळा केली होती. पण ती विश्वासार्ह नसल्याचे आढळले, या गुन्ह्यांच्या व्याख्याच उपलब्ध नाहीत, म्हणून ते काम थांबवले. २०१७ चा अहवाल मुळात ऑक्टोबर २०१९ मध्ये आला होता. त्यात हे आकडे नव्हते.

माहिती विश्वासार्ह नव्हती, हे मी मानायला तयार आहे. पहिल्याच वर्षी, राज्याराज्यांनी आपापल्या समजुतीने भरलेला तक्ता धड निघणे कठीणच असते. पण आपल्या सरकारी आकडेवारीत पहिल्या फटक्यात विश्वासार्ह निघालेली गोष्ट कोणती? माहिती कच्ची असेल तर फॉर्म सुधारतात, सूचना स्पष्ट करतात, ठाण्यातल्या लोकांना शिकवतात. मोजणेच बंद करायचे, हा उपाय फक्त या एका विषयात सुचला. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि पुढचे सगळे त्याच्याच आधाराने लिहिले आहे: द्वेषातून झालेला गुन्हा कसा नोंदवायचा, हे या देशाला चांगले ठाऊक आहे. त्याने ते काही माणसांच्या बाबतीत केलेले आहे. बाकीच्यांच्या बाबतीत करायचे नाही असे ठरवलेले आहे.

अशा गुन्ह्यात मूळ कृत्य नेहमीचेच असते, मारहाण, जाळपोळ, खून. फरक निवडीत असतो. मार खाणाऱ्याने काही केलेले नसते. तो जो आहे त्यापायी त्याला गाठलेले असते. त्यामुळे त्याच्यासारख्या प्रत्येकाला निरोप पोचतो, आणि तो पोचावा हाच हेतू असतो. नोंदीत हेतू उतरला नाही तर मारहाण तेवढी उरते.

तो कसा गळतो, हे पाहायचे तर आधी मोजणीचा एक नियम समजून घ्यावा लागतो. एका गुन्ह्यात कितीही कलमे लागली तरी एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा तेवढा मोजते. खून आणि बेकायदा शस्त्र असे दोन्ही असेल तर मोजणी खुनाची. एकच घटना दोनदा मोजली जाऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि त्या कामापुरता तो ठीक आहे. पण ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत काय झाले ते आठवा. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला गोळ्या घातल्या आणि मग डब्यांमधून फिरत तीन मुसलमान प्रवाशांना मारले, असा आरोप आहे. लोहमार्ग पोलिसांनी खुनासोबत धर्माधर्मांत शत्रुत्व वाढवण्याचे कलम १५३ अ लावले. खटल्याचा निकाल काय लागेल तो लागेल. पण तक्त्यात सर्वांत वरचे कलम टिकते, बाकीची त्याच्याखाली दबतात. १५३ अ च्या रकान्यात या गाडीचा पत्ता लागणार नाही. उलट कुणी व्हॉट्सॲपवर भडकाऊ मजकूर टाकला आणि दुसरे काही घडले नाही, तर त्याची नोंद त्या रकान्यात ठळक होईल. २०१४ साली १५३ अ खाली ३२३ गुन्हे नोंदले गेले, २०२० मध्ये १,८०४. या वाढीवरून भाषणे पुष्कळ झाली. त्यातले किती गुन्हे नुसत्या मजकुराचे आणि किती रक्ताचे, हे त्या आकड्याला विचारून उपयोग नाही.

कारणांचा तो तक्ता आहे की, असे कुणी म्हणेल. आहे, पण खुनांसाठी. दुकान फोडले, हातगाडी उलटवली, भाड्याच्या खोलीतून रात्रीत बाहेर काढले, दाढी ओढून घोषणा द्यायला लावल्या, ईशान्येकडच्या मुलीला बसस्टॉपवर अमुक-तमुक म्हणून ढकलले. या सगळ्यात मेलेले कुणी नसते, म्हणून कारणही विचारले जात नाही. द्वेषाचे बहुतेक गुन्हे याच पायरीवरचे असतात.

आणि तक्त्याच्याही आधी ठाणे येते. आपल्याकडच्या फिर्यादीची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना ती पाठ असते. 'यातील फिर्यादी हे घरी जात असताना मोटारसायकलला कट मारल्याच्या कारणावरून यातील आरोपी मजकूर यांनी संगनमत करून फिर्यादीस शिवीगाळ व दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.' कट खरोखरच लागलेला असतो. शिवीगाळीत नेमके काय बोलले गेले, त्यात जात होती की धर्म होता की 'तुमच्या देशात जा' होते, ते मात्र त्या एका शब्दात बसवून टाकलेले असते. मग भारतीय न्याय संहितेची कलम ११५(२), ३५२, ३५१(२) लागतात, तिन्ही अदखलपात्र. फिर्यादीच्या हातात एनसीची पावती पडते आणि तो घरी जातो. एनसीआरबीचा अहवाल दखलपात्र गुन्ह्यांचा असतो, म्हणजे ही घटना देशाच्या हिशेबात घडलीच नाही. ठाणे अंमलदार द्वेष्टा असलाच पाहिजे असे यात काही नाही. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, समोर चार माणसे उभी असतात, आणि कारणाच्या जागी काहीतरी लिहायचे असते. वादाचे निमित्त लिहिणे सोपे. निमित्तामागचे लिहिले की कलम वाढते, तपास वरच्या अधिकाऱ्याकडे जातो, गावात बंदोबस्त लावावा लागतो, साहेबांचा फोन येतो.

कधी तर हेतू नोंदला जाऊनही उलटा वाचला जातो. जून २०१४ मध्ये पुण्यात हडपसरला, समाजमाध्यमावरच्या विटंबनेच्या चित्रांवरून पेटलेल्या वातावरणात, नमाज पढून परतणाऱ्या एका तरुणाला मारले गेले. जानेवारी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काही आरोपींना जामीन दिला तेव्हा आदेशात अशा अर्थाची वाक्ये होती की मृताचा दोष एवढाच की तो वेगळ्या धर्माचा होता, आणि ही गोष्ट अर्जदारांच्या बाजूने धरावी लागते. पूर्वीचे वैर नव्हते, धर्माच्या नावाने भडकून कृत्य झाले, म्हणून सौम्य. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि असे शब्द वापरताना न्यायालयांनी भान ठेवावे असे सुनावले. पुढे २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. आज तो गुन्हा आपल्या आकडेवारीत एक खून आहे, न सुटलेला.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, आणि मला वाटते त्याहून बोलके. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे व्हॉट्सॲपवर फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, बहुतेक मंगळवेढा भागातल्या, लोकांनी संशयावरून धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथेच ठेचून मारले. हा द्वेषाचा गुन्हा होता का? अफवेचा होता, असे सगळ्यांनी म्हटले. व्हॉट्सॲपने संदेश पुढे धाडण्यावर मर्यादा आणली, सरकारने जनजागृतीच्या जाहिराती दिल्या. पण त्या बाजारात त्या दिवशी परगावचे व्यापारी असतील, फिरते विक्रेते असतील, पाहुणे असतील. संशय भगव्या कपड्यांतल्या, झोळी घेतलेल्या भटक्यांवरच का आला? पोरे पळवणारा कसा दिसतो याचे चित्र जमावाच्या डोक्यात आधीच तयार होते, आणि ते व्हॉट्सॲपने काढलेले नव्हते. ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याइतके तरी जुने आहे. त्या कायद्याखाली सरकारने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदल्या, माणसांच्या बोटांचे ठसे घेतले, रोजची हजेरी लावली, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा गेला. डवरी गोसाव्यांचे नाव त्या यादीत असो वा नसो, भटक्याकडे पाहण्याची गावाची आणि ठाण्याची नजर त्या यादीने घडवली.

आता याची दुसरी बाजू. भटके-विमुक्त हे महाराष्ट्रात अनुसूचित जातींत येत नाहीत, जमातींतही नाहीत. ॲट्रॉसिटी कायदा त्यांना लागू नाही. एनसीआरबीच्या अहवालात अनुसूचित जातींवरच्या गुन्ह्यांचे प्रकरण आहे, जमातींवरच्या गुन्ह्यांचे आहे, स्त्रियांवरच्या, मुलांवरच्या, ज्येष्ठांवरच्या गुन्ह्यांचे आहे. भटक्यांवरच्या गुन्ह्यांचे नाही. ज्यांनी केलेल्या आणि न केलेल्याही गुन्ह्यांची या राज्यात कैक दशके बारकाईने नोंद ठेवली गेली, त्यांच्यावर झालेल्या गुन्ह्यांसाठी एक ओळ नाही. राईनपाड्यानंतर बरोबर सोळा दिवसांनी जमावाने केलेल्या हत्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा तहसीन पूनावाला प्रकरणातला निकाल आला. जिल्ह्याजिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, खटले जलद चालवा, भरपाईची योजना करा, संसदेने वेगळा कायदा करावा. सूचना नेमक्या आहेत. पण नोडल अधिकाऱ्याने मोजायचे काय, कोणत्या तक्त्यात, हे ठरल्याशिवाय त्या पदाचा अर्थ पाटीपुरता.

आधी म्हटले की नोंदवायचे कसे हे देशाला ठाऊक आहे. त्याचा पुरावा म्हणजे ॲट्रॉसिटी कायदाच. १९८९ चा कायदा, १९९५ चे नियम: तपास उपअधीक्षकाच्या खाली कुणी करायचा नाही, फिर्याद नोंदताच मदतीचा पहिला हप्ता, जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती. आणि दरवर्षीचा आकडा. २०२१ मध्ये अनुसूचित जातींवरचे ५०,९०० गुन्हे नोंदले गेले, २०२२ मध्ये ५७,५८२. हे आकडे अपुरे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते आहेत, म्हणून संसदेत प्रश्न विचारता येतो, जिल्ह्याजिल्ह्याची तुलना होते, शिक्षेचे प्रमाण कमी का म्हणून सरकारला धारेवर धरता येते.

हेतू सिद्ध करण्याची अडचणही याच कायद्याच्या वाटेवर आली. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या आईला, मुलीला आणि दोन मुलांना जमावाने हालहाल करून मारले. महाराष्ट्र पेटला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली, आणि ॲट्रॉसिटीचे कलम लागू होत नाही असे ठरवले. हे सुडातून घडले, जातीतून नव्हे. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली, जात बाहेरच राहिली. शिक्षा झाली आणि गुन्ह्याचे नाव गेले. त्या वेळी कायद्यातल्या कलम ३(२)(५) चे शब्द असे होते की पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केलेला असला पाहिजे. सूड आणि जात एकाच मनात नांदू शकतात, हे सिद्ध करायला वाव नव्हता. २०१५ च्या दुरुस्तीने ते शब्द बदलले: आरोपीला पीडिताची जात 'माहीत असताना' गुन्हा केला, एवढे पुरेसे. हेतू मोजता येत नाही म्हणून कायदा गुंडाळला नाही. मोजता येईल असे मोजमाप शोधले. महाराष्ट्राने तर २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. बहिष्कार, म्हणजे ज्यात कुणी कुणाला हातही लावत नाही अशी निसरडी गोष्ट. तिची व्याख्या मुंबईत करता आली. दिल्लीला लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाची करता येत नव्हती.

खोट्या तक्रारींचा मुद्दा इथे येणारच. तो गंभीर आहे, पण आकडे कसे वाचले जातात याचा तो मासला म्हणून मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कराडच्या शासकीय फार्मसी महाविद्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेल्या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याला वेसण घातली. आधाराला एनसीआरबीचे आकडे होते: इतके खटले सुटले, इतक्या तक्रारी खोट्या म्हणून बंद झाल्या. देशभर उद्रेक झाला, संसदेने ऑगस्टमध्ये कलम १८ अ घालून तो निर्णय निष्प्रभ केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने स्वतःच आपले ते निर्देश मागे घेतले. पण ठाण्यात बी समरी, म्हणजे तक्रार खोटी म्हणून बंद करण्याचा अहवाल, कशी होते हे ज्याने पाहिले आहे त्याला विचारा. फिर्याद दाखल झाली की चार दिवसांत समोरच्याकडून दरोड्याची किंवा विनयभंगाची क्रॉस केस येते. मग गावातली मोठी माणसे मध्ये पडतात, दोन्हीकडचे मागे घेऊ म्हणतात, साक्षीदार फिरतो, कारण त्याला मजुरी त्याच शेतावर मिळते. शेवटी कागदावर येते 'खोटी'. खटला सुटणे आणि तक्रार खोटी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे चोरीच्या खटल्यात सगळ्यांना कळते.

इंग्लंडने हा गुंता वेगळ्या टोकाने सोडवला. १९९३ साली लंडनमध्ये बसस्टॉपवर स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाला गोऱ्या मुलांनी भोसकून मारले. तपासाची इतकी दैना झाली की न्यायमूर्ती मॅकफर्सन यांची चौकशी नेमावी लागली, आणि १९९९ च्या त्यांच्या अहवालाने नोंदीचा नियम उलटा केला: घटना वंशद्वेषाची आहे असे पीडिताला किंवा इतर कुणालाही वाटले, तर ती तशी नोंदवायची. पोलिसाला काय वाटते हा प्रश्न नोंदीच्या वेळी नाहीच. पटते की नाही ते तपासात आणि न्यायालयात. इंग्लंड-वेल्समध्ये २०११-१२ साली द्वेषाचे सुमारे ४३ हजार गुन्हे नोंदले गेले, २०२१-२२ मध्ये दीड लाखावर. म्हणजे दहा वर्षांत द्वेष साडेतीनपट झाला? त्यांच्याकडे याचे उत्तर आहे, कारण त्यांची दुसरी मोजणी आहे. दरवर्षी हजारो घरांत जाऊन 'तुमच्यावर काही गुजरले का, पोलिसांत गेलात का' असे विचारणारी पाहणी. तिच्या हिशेबाने वर्षाला तीन लाखांच्या आसपास असलेल्या घटना साधारण दशकभरात एक लाख नव्वद हजारांवर आल्या. पोलिसांकडचा आकडा वाढत होता आणि प्रत्यक्ष घटना घटत होत्या. लोक जास्त सांगू लागले, पोलिस जास्त लिहू लागले. आपल्या विधिमंडळात आकडा वाढला की गृहमंत्री राजीनाम्याच्या मागणीला तोंड देतात. म्हणून आकडा न वाढू देणे हेच ठाणेदाराचे कौशल्य ठरते.

त्याच इंग्लंडमध्ये या उत्साहाचा अतिरेकही झाला. गुन्हा नसलेल्या, नुसत्या बोलण्याच्या घटनाही पोलिसांच्या दप्तरी माणसाच्या नावासकट चढू लागल्या, आणि डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर आविष्कारस्वातंत्र्याच्या बाजूने ताशेरे ओढले. तो धडा आपण घ्यावाच. आपल्याकडच्या पोलिसांच्या हातात मतांची वही देण्याइतका मी भोळा नाही. कृत्य आधी गुन्हा असले पाहिजे, मगच त्याचा हेतू विचारायचा.

अमेरिकेत तर १९९० पासून द्वेषगुन्ह्यांच्या आकडेवारीचा कायदा आहे आणि तरी तिथले चित्र फाटके आहे, कारण स्थानिक पोलिसांनी एफबीआयला माहिती देणे ऐच्छिक. २०१६ साली टल्सात आणि २०१७ साली शार्लट्सव्हिलमध्ये झालेल्या दोन गाजलेल्या हत्या, ज्यांच्यात द्वेषगुन्ह्याचे खटले चालले, त्या एफबीआयच्या वार्षिक आकड्यांतच नव्हत्या. एफबीआय वर्षाला काही हजार घटना सांगते, तिथल्या न्याय विभागाची घरोघरची पाहणी अडीच लाखांच्या घरातला अंदाज देते. पण एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात घ्यावी अशी आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला तेव्हा एफबीआयच्या फॉर्मवर शीखद्वेष असा पर्यायच नव्हता. तिथल्या भारतीयांनी संघटनांमार्फत पाठपुरावा केला आणि २०१५ पासून शीखविरोधी, हिंदूविरोधी, अरबविरोधी असे वेगळे रकाने आले. न्यू जर्सीतला मराठी माणूस आज आपल्यावर धर्मावरून हल्ला झाला तर त्याची सरकारदरबारी वेगळी मोजणी व्हावी असा आग्रह धरू शकतो, आणि तो आग्रह रास्त आहे. त्यातल्याच काहींना भारतात असा रकाना मागणे म्हणजे देशाची बदनामी वाटते. हे दोन्ही एकाच डोक्यात कसे राहते ते मला कळलेले नाही.

सरकार मोजत नाही म्हणून कुणीच मोजत नाही असे होत नाही. 'हिंदुस्थान टाइम्स'ने २०१७ साली 'हेट ट्रॅकर' काढला, काही महिन्यांत तो बंद झाला. 'हेट क्राइम वॉच' नावाची नोंदवही सप्टेंबर २०१९ मध्ये खाली घेतली गेली. त्यांच्यावरची टीका पूर्ण चुकीची नव्हती. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून मोजले की जे इंग्रजीत छापून आले तेवढेच मोजले जाते. कोणत्या बळीची बातमी होते आणि कोणत्या नाही, यात संपादकांची दृष्टी येते. हिंदू बळी सुटतात असाही आक्षेप होता. मग त्यावर उपाय कोणता? जिच्याकडे प्रत्येक ठाण्यातून माहिती येते अशा यंत्रणेने, बळी कोणत्याही धर्माचा वा जातीचा असो, एकाच फॉर्मवर मोजणे. टीकाकारांनी ही मागणी सर्वांत आधी करायला हवी होती.

नोंद नसली की काय होते ते पालघरने दाखवले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाने मारले, पोलिसांच्या डोळ्यांदेखत. त्या भागातही मुले पळवणाऱ्यांची अफवा होती. देशभर या हत्येला धर्माचा रंग चढला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावे लागले की यात एकही मुसलमान नाही. राज्याच्या गृहमंत्र्याला आरोपींचा धर्म यादी फडकावून सांगावा लागतो, ही वेळ का आली? कारण हेतूबद्दल अधिकृतपणे बोलण्याची रीतच आपण ठेवलेली नाही. एरवी हेतू लिहायचा नाही आणि मोठी घटना घडली की रात्री नऊच्या चर्चेत तो ठरू द्यायचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि 'व्याख्या नाही' ही सबबही उरलेली नाही. न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेला खून वेगळा सांगितला आहे. ११७(४) मध्ये तशाच जबर दुखापतीचे आहे. कलमे अर्धवट आहेत. धर्म हा शब्द तिथे सरळ घातलेला नाही, तो समुदायात किंवा श्रद्धेत शोधावा लागतो. चार जणांनी मारले तर हे कलम लागत नाही, आणि रेल्वेच्या डब्यात एकट्याने बंदूक चालवली तरी नाही. पण कायद्याने हेतूंची यादी केली आहे, आणि ती यादी उचलून प्रत्येक फिर्यादीच्या फॉर्मवर ठेवायला कुणाची हरकत असू नये. देशभरातली ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणक-जाळ्यामुळे फिर्याद आता संगणकावरच भरली जाते. त्यात एक प्रश्न: हल्ला आपल्यावर यांपैकी कोणत्या कारणावरून झाला असे फिर्यादीचे म्हणणे आहे का? म्हणणे, एवढेच. सिद्ध व्हायचे ते पुढे होईल. अदखलपात्र तक्रारीतही तो प्रश्न असावा, आणि भटके-विमुक्त हा पर्याय असावा. दुसरा रकाना तपासाच्या शेवटी अधिकाऱ्याने भरायचा, तिसरा निकालानंतर. तीन टप्प्यांवर तीन उत्तरे वेगळी आली तर त्यातूनच बरेच कळेल. खैरलांजीसारख्या प्रकरणात जात कोणत्या पायरीवर गळाली ते दिसेल.

पोलिस हा राज्यसूचीतला विषय आहे. पुण्यातला सीआयडी विभाग 'क्राइम इन महाराष्ट्र' हा राज्याचा वेगळा अहवाल काढतोच. त्यात हा तक्ता घालायला दिल्लीची परवानगी लागत नाही, नवा कायदाही नाही. गृह विभागाचे एक परिपत्रक पुरे. अडचण राहील ती पहिल्या वर्षाची. इतर कुणी मोजतच नसल्याने महाराष्ट्र देशात पहिला येईल, तोही बऱ्याच अंतराने. अधिवेशनात फलक फडकतील, वाहिन्यांवर नकाशात राज्य लाल होईल, आणि कुणीतरी अधिकारी गृहमंत्र्यांना हळूच सुचवेल की साहेब, हा तक्ता पुढच्या वर्षी नको. परिपत्रक काढणाऱ्याने त्या अधिवेशनातले उत्तर आधीच टाइप करून फाइलला लावून ठेवावे.